परवा सभा

१२ नोव्हेंबर, बुधवार
तुरीला फूल धरलं आहे. सकाळी धुकं होतं. असंच राहिलं तर फूल गळतं. दहापर्यंत निवळलं.

शालूचा फोन आला. तीनदा तुटला. चौथ्यांदा लागला तेव्हा घाईत म्हणाली, "माय, एक काम कर. तू पंचायतीत पहिल्यांदा बसलीस तवा काय काय झालतं, ते फोनमंदी बोलून पाठव. माझ्या पोरींना सांगायचंय."
म्हटलं, तिकडच्या पोरींना माझ्या पंचायतीचं काय करायचंय?
"त्याबी पहिल्यांदाच बसायल्यात, माय."

तिचं कामच ते. तिकडं लढाई होती, आता थांबली आहे. थांबली म्हणतात. गावोगावी समित्या केल्यात आणि त्यात वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी घेतलीत. ज्यांच्या बापांनी एकमेकांची घरं जाळली, ती पोरं एका जागी बसून विहीर कुणाची आणि गुरं कुठं चारायची ते ठरवतात. सभा कशी चालवायची, भांडण पेटलं तर काय करायचं, म्हातारे बोलू देत नसतील तर कसं बोलायचं, हे शालू त्यांना शिकवते. गुलबर्ग्याला कॉलेज, बेंगळूरला नोकरी, आणि तिथून त्यांनी पार तिकडं पाठवली. मार्चमध्ये वर्ष होईल.

देशाचं नाव मी या वहीत लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, रात्री झोप आली नाही. तिकडं म्हटलं की मला कळतं.

तिकडंही ज्वारी खातात म्हणे. तेवढं ऐकून बरं वाटतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बोलले एकदाची. त्या फोनचं बटण दाबून धरावं लागतं. बोट सुटलं की निरोप निघून जातो, वाक्य अर्धं असलं तरी. पहिला निरोप "जयभीम, मी शालूची" एवढाच गेला.

शेजारची खाजाबी माझ्याच दारात ब्लाउजला हुक लावत बसली होती. हसून हसून तिच्या बोटात सुई गेली. "इत्ते में भाषण खतम, अक्का? अच्छा है. लीडरां ऐसेच होना."

मग नीट बोलले. आमच्या वॉर्डात बाईची राखीव जागा आली, मी निवडून आले. पहिल्या सभेला खुर्चीत बसले. मोठ्या घरचे एक अण्णा उशिरा आले, खुर्ची शिल्लक नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कुणीतरी म्हटलं, बाई जरा उठा. मी उठले. ती सभा मी भिंतीला टेकून ऐकली. ऐकली कसली, कानात नुसतं घों घों होत होतं.
दुसऱ्या सभेला तेच अण्णा, तेच उशिरा. बाई जरा उठा. मी नाही उठले. दोन्ही हातांनी खुर्चीची खालची पट्टी धरून बसले. कुणी उपटून काढील असं वाटत होतं. अण्णा बराच वेळ उभे राहिले. मग शिपाई गेला आणि शाळेतून खुर्ची घेऊन आला. खुर्ची मिळत होती की! पाच वर्षं मग कुणी उठा म्हटलं नाही.

शेवटी म्हटलं, "पोरींनो, एकदा बसलात की उठू नका. काहीही झालं तरी उठू नका."
खाजाबीनं मान हलवली. "अच्छा बोली."

१७ नोव्हेंबर, सोमवार
शालूनं माझा निरोप सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगितला. शाळेतून खुर्ची आली त्या ठिकाणी पोरी टाळ्या वाजवून हसल्या म्हणे. एकीनं परत सांगायला लावला. रेबेका तिचं नाव. माझ्या जिभेवर रेवका येतं, रेवकाच लिहीन. बावीस वर्षांची. लढाईत भाऊ गेला. आई आहे, एक बकरी आहे. तिच्या लोकांकडून समितीत ती एकटीच.

रेवकानं मला एक विचारलं आहे. तुम्ही नाही उठलात त्या दिवशी तुमचा नवरा काय म्हणाला?

मी उत्तर दिलं नाही. ह्यांच्याबद्दल फोनमध्ये बोलणं जमत नाही. हे जाऊन जानेवारीत सहा वर्षं होतील. तुरीच्या राशीवर. छातीत कळ आली म्हणाले, पोत्यावर बसले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
भाऊजी आले होते, ह्यांचे धाकटे भाऊ. चहा बशीत ओतला आणि सुरू.
"वैनी, पोरगी तिकडच्या लोकायला पुढारी करायली म्हण. हितल्या पोरायनं काय पाप केलतं?"
म्हटलं, हितल्या पोरायला कुणी पुढारी करावं लागतंय व्हय. सगळे बॅनरवर हायतच की.
हसले. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "माघारी बोलव. तुझं ऐकती ती. लढाई थांबली म्हणल्यानं थांबती व्हय?"
मी बशी उचलून आत नेली. तेच मी रोज सकाळी उठून स्वतःला विचारते, ते त्यांना कशाला सांगू.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आज रेवकाचा आवाज आला. तिचा स्वतःचा. जाड आहे, घशातून येतो, बारीक पोरीचा वाटत नाही. पहिला शब्द कळला. अक्का. शालूनं शिकवलाय. बाकीचं शालूनं मागून सांगितलं: "अक्का, बुधवारी आमची लहान सभा होती. एक म्हातारा मला उठ म्हणाला. मी उठले नाही. खुर्चीला खाली पट्टी नव्हती, म्हणून हात मांडीखाली घालून बसले."

चार वेळा ऐकलं. खाजाबीला ऐकवलं. भाऊजींनाही, त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, आवाज खणखणीत हाय की.

आणि मग शालूनं सगळ्यात शेवटी, जाता जाता सांगितलं. परवा रात्री रेवकाच्या छपरावर कुणीतरी दगड टाकले. "जास्त काय न्हाई, माय. पोरंसोरं असतील."
बुधवारी सभा, आणि बुधवारच्याच रात्री दगड. मला हिशेब येतो.

माझा आवाज तिथं पोचला. मी कधी बिदरच्या पलीकडं गेले नाही, हैदराबाद सोडलं तर. आवाज गेला, आणि त्या आवाजामागं दगड आले.

२३ नोव्हेंबर, रविवार
फोन लागला, मिनिटभर. मोठी सभा ठरते आहे म्हणाली. नदीकाठच्या गावात, दोन्हीकडचे लोक, विहिरीचा कायमचा निकाल. तारीख पक्की नाही. मी म्हटलं, तू कशाला जायलीस? त्यायची सभा, त्यायला करू दे की.
"मी बोलणार न्हाई, माय. मागं बसणार. मी मागं बसले की पोरी पुढं बोलतात."
अजून काहीतरी म्हणत होती. तुटला.

ती म्हणते तिथं टॉवर कधी असतो, कधी नसतो. निरोप लिहून पाठवला तरी फोनातच बसून राहतो. टॉवर सापडला की आपोआप निघतो. कधी कधी चार दिवसांनी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सोयाबीन झाडून भरून ठेवलेलं, त्याला आज ऊन दिलं. गल्लीतल्या कोंबड्या हाकलण्यात दिवस गेला.
शालूचा फोन नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
दुपारी निरोप आला. लिहिलेला. जसा आहे तसा उतरवते:
"माय परवा सभा. मी अन रेवका दोघी. मग फोन."

परवा म्हणजे शनिवार. म्हणजे दोन दिवस काळजी, आणि शनिवारी संध्याकाळी फोन. दोन दिवस काढता येतात. रात्रीला दोन भाकरी केल्या, दोन्ही खाल्ल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
गिरणीवर पीठ होईपर्यंत तिथला पेपर वाचत होते. मी काहीही हातात आलं तर वाचते, शालूच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं लागली तेव्हापासूनची खोड. आतल्या पानावर चार ओळी. देशाचं नाव. मंगळवारी एका गावात शांतता समितीच्या सभेवर गोळीबार. किती मेले ते समजू शकलं नाही. गावाचं नाव नाही.

मंगळवारी.

पीठ तिथंच विसरले. गिरणीवाल्यानं मागून हाक मारली, "अक्का, पीठ तर न्हे." डबा घेतला. घरी कशी आले आठवत नाही.

निरोप काढून परत वाचला. "परवा सभा." पुढं काहीच नाही. आहे लिहिलं नाही, झाली लिहिलं नाही. काल गुरुवारी आला निरोप. पुढचा परवा धरला तर शनिवार. मागचा परवा धरला तर मंगळवार. एकच शब्द. आयुष्यभर बोलले, कधी लक्षात आलं नाही की तो दोन्हीकडं तोंड करून उभा असतो.

शनिवार असेल तर ती अजून गेलीच नाही, थांबवता येईल. मंगळवार असेल तर जाऊन आली आणि गुरुवारी मला लिहिलं, म्हणजे जिवंत आहे. दोन्ही चांगलंच की. असं म्हणून उठले, चूल पेटवली.

चुलीपुढं बसले तेव्हा तिसरं सुचलं. निरोप फोनात बसून राहतो. रविवारी लिहिला असेल, तेव्हा परवा म्हणजे मंगळवार. सभेच्या आधी लिहिलेला. टॉवर लागला तेव्हा आपोआप निघाला. फोन कुणाच्याही हातात असला तरी निघतो. मातीत पडलेला असला तरी.

फोन लावला. बंद. तिकडची एक बाई यंत्रात काहीतरी म्हणते. भाषा कळत नाही, पण नाही म्हणते हे कळतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी शालूच्या बेंगळूरच्या ऑफिसात फोन लावला. सुट्टी. वॉचमननं उचलला. मी कानडीत विचारलं, तिकडं गेलेली आमची पोरगी, काही खबर? म्हणाला, "गोत्तिल्ल अक्का." ठाऊक नाही. बिचारा दोनदा म्हणाला. मग म्हणाला, सोमवारी साहेब येतील, मी स्वतः सांगतो, नंबर द्या. दिला. त्यानं परत वाचून दाखवला.

खाजाबी आली. तिला निरोप दाखवला, वाचून दाखवला, परवाचं सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, तुम्हारे में परसों के दो दिन हैं. हमारे में तो कोई दिनच नहीं. मेरा मरद परसों आतूं बोलके हैदराबाद गया सो, छोटी अब मॅट्रिक में है."
मला हसू आलं. हसले आणि तसंच रडायलाही आलं, दोन्ही एकदम, आणि ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, "परसों बोली ना. बोली तो बोलने वाली है, समझो."

भाऊजी दुपारी आले. मी तयारीत होते, मी म्हणलं नव्हतं का म्हणतील. ते बाहेरच कट्ट्यावर बसले. आत बोलावलं तर, राहू दे, हितं वारं हाय म्हणाले. वारं नव्हतं. अंधार पडेपर्यंत बसून होते.

संध्याकाळ झाली. शनिवारची संध्याकाळ. फोन आला नाही. म्हणजे शनिवार नव्हता.

३० नोव्हेंबर, रविवार
ह्यांच्या सायकलीत हवा भरून आणली. महिन्यातून एकदा भरते. कुणी चालवत नाही, पण हवा गेली की टायर बसतो आणि बसल्या जागी चिरतो.

पंक्चरवाल्यानं विचारलं, शालूताई कवा येणार?
म्हटलं, परवा.
तोंडातून निघून गेलं.

दुपारी फोनमध्ये माझाच निरोप ऐकला, चौदा तारखेचा. स्वतःचा आवाज परक्या बाईसारखा वाटतो. किती भरवशानं बोलते ही बाई. "काहीही झालं तरी उठू नका."
काहीही. हा शब्द कुठून आणला मी? उठू नका एवढं पुरे होतं. माझ्या पंचायतीत काहीही म्हणजे काय, तर अण्णांचे डोळे. फार तर शिवी. एक खुर्ची कमी, म्हणून शाळेतली आणली. तिकडं काहीही म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. नाव लिहायला भिणारी बाई मी, आणि त्या पोरीला म्हटलं, काहीही झालं तरी.

पुसून टाकावा म्हणून बोट ठेवलं. पुसला नाही. इथून पुसला तरी तिच्या कानातून कसा पुसणार.

ती बसूनच राहिली असेल. मांडीखाली हात घालून. ते आले असतील तरी.

१ डिसेंबर, सोमवार
शालूचा आवाज ऐकला.
सकाळी, भांडी घासत होते. हात राखेचे. "माय."
मी म्हटलं, कोण? मुद्दाम नाही. खरंच तसं निघालं.
"मी हाय माय, मी. शालू. रडू नको. ऐक, लई वेळ न्हाई."

मंगळवारीच होती सभा. निरोप रविवारी लिहिलेला. मला जे चुलीपुढं सुचलं तेच खरं होतं. तिचा फोन पळापळीत पडला, बुधवारी कुणाला तरी सापडला, त्यानं आपल्या गावी नेला, तिथं टॉवर होता. म्हणजे गुरुवारी मी निरोप वाचून दोन भाकरी खाल्ल्या तेव्हा तो फोन अनोळखी माणसाच्या खिशात होता. आज कुणाच्या तरी फोनवरून बोलत होती.

सभा झाडाखाली. चाळीसभर माणसं. गोळीबार कुणी केला ते माहीत नाही. दोन्हीकडचे म्हणतात आम्ही नाही. सगळे जमिनीवर आडवे झाले. रेवका खुर्चीतच. शालूनं मागून तिचा पाय धरून खाली ओढलं. पोरगी जमिनीवर पडली तरी पुटपुटत होती, अक्का म्हणाली उठू नको.
"मग मी तिला म्हणलं, बये, अक्का उठू नको म्हणली. खाली पडू नको म्हणली का?"
आणि शालू हसली. तसल्या ठिकाणाहून, तसल्या गोष्टीवर हसली. मलाही हसू फुटलं. भांडी तशीच, दोघी हसतोय.

मग मी विचारलं, कुणाला लागलं?
म्हणाली, एका म्हाताऱ्याला. कमरेत. दवाखान्यात आहे.
कोणता म्हातारा?
"तोच. तिला उठ म्हणणारा."
तो उभा होता. बसायला जागा नव्हती, रेवका उठली नाही, दुसरी खुर्ची कुणी आणली नाही. तिथं जवळ शाळा नाही.

तुटला.

भाऊजींना सांगून पाठवलं, शालू बरी आहे. ते आले आणि दारातच रडले. मी नाही रडले. त्यांना चहा दिला.

म्हातारा उभा होता.

२ डिसेंबर, मंगळवार
बेंगळूरच्या साहेबांचा फोन. तुमची मुलगी सुखरूप आहे, काळजी नको. वॉचमननं सांगितलं वाटतं. साहेब म्हणाले, तिला परत बोलावण्याचा विचार चालू आहे, पण ती नाही म्हणते. तुम्ही सांगून बघा.
म्हटलं, बघते.

३ डिसेंबर, बुधवार
म्हातारा गेला.

शालूनं निरोप लिहिला, आणि आता खूप लांब लिहिते, एकही वाक्य अर्धं सोडत नाही. गोळी कुणी मारली ते त्याच्या माणसांनी सोडूनच दिलं आहे. रेवकाचं नाव घेतात. ती उठली असती तर आमचा माणूस बसला असता, असं म्हणतात. म्हाताऱ्याच्या लेकानं आपल्या अंगणात सगळ्यांपुढं बोलून दाखवलं. रेवकाची आई तिला मामाच्या गावी पाठवायची म्हणते. शालू लिहिते, ती गेली तर समिती मोडली. तिच्यामागं बाकीच्या पोरी जातील. मग पुन्हा नुसते म्हातारे, मग पुन्हा बंदुका.
पुढं लिहिलंय: "माय, मी तिला सोडून कशी येऊ?"

हा प्रश्न मला विचारू नको गं. मला विचारलास तर मी एकच सांगीन. ये.
तेवढं लिहिलं फोनमध्ये. ये. पाठवलं नाही. अजून तिथंच आहे ते, खालच्या रकान्यात.

४ डिसेंबर, गुरुवार. पौर्णिमा
सकाळी शालूचा निरोप:
"माय, परवा सभा हाय. म्हणजे येत्या शनिवारी. सहा तारखेला. व्हायची हाय, झाली न्हाई."
कुणीतरी शिकलं.

सहा तारखेला इथं आमच्याकडं मेणबत्त्या, आणि तिकडं ते. त्याच झाडाखाली. म्हाताऱ्याचा लेक येणार आहे, आता त्याच्या जागी तो. रेवकानं यावं असा त्यांचाच निरोप आहे. कशासाठी ते सांगितलं नाही. समेटासाठी असेल. नसेलही.

निरोपाखाली रेवकाचा आवाज. या वेळी तिनं शालूकडून मराठीत घोकून घेतलं होतं. दोनच शब्द.
"अक्का, बसू का?"

ऐकून फोन ठेवला. परत उचलला. परत ठेवला.

भाऊजी म्हणाले, "त्यात काय इचार करायलीस? नको म्हण. एका शब्दाचं काम हाय. तुझी पोरगीबी आपोआप माघारी येती."
खरं आहे. एका शब्दाचं काम. ती पोरगी माझं ऐकते, हे त्या मंगळवारच्या सभेत दिसलंच. मी नको म्हटलं की ती मामाच्या गावी जाईल, समिती मोडेल, शालूला तिकडं काम राहणार नाही, शालू घरी येईल. जेवायला दोन ताटं. मला दुसरं काय पाहिजे?

खाजाबीला विचारलं. ती हुक लावत होती, वर न बघता म्हणाली, "बैठ बोलो. मगर खुर्सी पे नक्को. जमीन पे सब को बिठाव बोलो, बाकी बुड्ढों को भी, उस लेक को भी. खुर्सीच नहीं रही तो कायकू उठना, कायकू बैठना." मग सुई थांबवून म्हणाली, "मेरेकू क्या मालूम अक्का. मैं ब्लाउज सीने वाली."

बाहेर येऊन सायकलीपाशी उभी राहिले. सीटवर हात ठेवला. तापली होती उन्हानं.

रेवकानं विचारलं होतं, तुमचा नवरा काय म्हणाला? मी सांगितलं नाही. हे काही म्हणालेच नव्हते. पंचायतीसमोर लिंबाचं झाड आहे. मी आत बसले की हे त्या झाडाखाली सायकल उलटी करून साखळी बसवत राहायचे. खिडकीतून दिसायचे. पहिली सभा झाली आणि दुसरीपासून दर सभेला ह्यांची साखळी पडायची. पाच वर्षं. गावात चेष्टा व्हायची, सभा लागली की ह्यांची साखळी सुटली. ती साखळी कधी सुटली नव्हती. आजही नीट आहे.

मी पट्टी धरून बसले असं मी सगळ्यांना सांगते. शालूलाही तेच सांगितलं. खिडकी कधी सांगितली नाही.

बटण दाबलं. बोलले:
"रेवका, मी अक्का बोलते. मागं एक सांगायचं ऱ्हायलं. मी उठले न्हाई तवा मी एकटी नव्हते. बाहेर आमचे हे हुभे होते. काय बोलत नव्हते. नुसते दिसत होते. म्हणून बसवलं मला. तू खुर्ची बघू नको. आधी बाहेर बघ, तुझं कोण हुभं हाय का. तुझ्या लोकातलं असू दे, त्यायच्या लोकातलं असू दे. कुणीतरी हुभं असलं, तर बस. कुणी नसलं तर"

बोट सुटलं.

निरोप गेला. एक टिक आली आहे. दुसरी अजून नाही, तिथं टॉवर नसेल. ती यायच्या आत पुढचं बोलायला पाहिजे. नाहीतर ती पोरगी अर्ध्यावरच ऐकेल, आणि मी सांगितलेलं ती ऐकते.

पौर्णिमेच्या वंदनेला बोलवायला बायका आल्या, पुढं व्हा म्हटलं. उजेड उतरायला लागला आहे. भाऊजी कट्ट्यावर आहेत. खाजाबीनं दारातून विचारलं, "क्या बोली अक्का? हौ बोली की नक्को बोली?"

म्हटलं, अजून बोलायले.